सूक्ष्म चूर्णाची प्रमाणवृद्धी : सघन वायूने होणाऱ्या अवक्षेपणाचा परिचय

भैषज्यकल्पनेत सूक्ष्मत्वाचे महत्त्व नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. अत्यंत शुष्क द्रव्य उत्तम कुटून वस्त्रगाळ केले म्हणजे चूर्ण, ही शार्ङ्गधराची व्याख्या आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केली आहे. भस्माच्या रेखापूर्णत्व आणि वारितरत्व या परीक्षाही मुख्यतः सूक्ष्मत्वाच्याच होत. मात्र सूक्ष्म करणे ही एक गोष्ट आणि तेच सूक्ष्मत्व मोठ्या प्रमाणावर, प्रत्येक घाण्यात सारखे राखणे ही दुसरी गोष्ट, हे औषधशाळा चालविणाऱ्यास लवकरच कळून येते.

आम्हांस ते कज्जलीने शिकविले. शंभर ग्रॅम समभाग कज्जली दगडी खल्वात हाताने उत्तम होत असे. मागणी वाढली तेव्हा यांत्रिक खल्व बसविला आणि एकाच वेळी पाच किलो द्रव्य घातले. मर्दनाचे तास हाताच्या मर्दनाइतकेच ठेवले, वर आणखी दोन दिवस दिले. कज्जली काळीभोर दिसली, बोटाच्या रेषांतही भरली. परंतु उन्हात धरून पाण्याच्या थेंबाने चोळताच पारदाचे कण चमकले. निश्चंद्रत्व आले नव्हते. कारण शोधता असे आढळले की बत्त्याखालील थराची जाडी वाढल्याने खालचे द्रव्य नुसते दाबले जात होते, घासले जात नव्हते. कडेला चिकटलेला गंधक तर बत्त्यापर्यंत पोहोचतच नव्हता. पुढे आम्ही एकेक किलोचे पाच घाणे केले, तेव्हा परीक्षा उतरली. प्रमाण पन्नासपट केले म्हणजे क्रिया पन्नासपट होत नाही, हा तो धडा. आज ज्या तंत्राचा परिचय करून द्यावयाचा आहे त्या तंत्रातही, यंत्र कितीही आधुनिक असले तरी, मुख्य अडचण हीच आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्या चिकित्सालयांत येणारे प्रतिनिधी हळदीचे 'मायक्रोनाइझ्ड' किंवा 'नॅनो' सत्त्व, सी-ओ-टू पद्धतीची चूर्णे असे काही पुढे ठेवतात आणि किमतीचा आकडा सांगतात. काही औषधशाळाचालक अशी यंत्रे घ्यावीत काय, असाही विचार करीत आहेत. यास्तव हे तंत्र काय आहे, ते कोठे चालते आणि कोठे अडते, हे वैद्यबंधूंनी व भगिनींनी जाणून घेणे इष्ट वाटते.

सूक्ष्मत्वाने काय साधते

80 क्रमांकाच्या चाळणीतून गेलेल्या चूर्णाचा मोठ्यातला मोठा कण सुमारे 180 मायक्रॉनचा असतो. तो कण गोल आहे असे मानून त्याचे 2 मायक्रॉनचे कण केले तर एका कणाचे 7 लाख 29 हजार कण होतात आणि तेवढ्याच वजनाचे पृष्ठफळ 90 पट होते. द्रव्य विरघळण्याचा वेग पृष्ठफळाच्या प्रमाणात वाढतो. पाण्यात जवळजवळ न विरघळणाऱ्या द्रव्यांस, उदाहरणार्थ हळदीतील कर्क्युमिन, याचा मोठा लाभ होतो. मुळातच जलविलेय असलेल्या द्रव्यास तो फारसा होत नाही. तेव्हा सूक्ष्मत्व हे सर्वच औषधांचे भूषण आहे असे समजू नये.

याची दुसरी बाजूही आहे. चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होते असे शार्ङ्गधर सांगतो. पृष्ठफळ वाढले की हवा, ओलावा आणि प्रकाश यांस मिळणारी जागाही तितकीच वाढते. नव्वदपट पृष्ठफळाचे चूर्ण साध्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवून चालणार नाही.

सूक्ष्म कण मिळविण्याच्या दोन वाटा आहेत. एक, मोठे द्रव्य फोडीत जाणे : खल्व, बॉल मिल, जेट मिल. यात उष्णता निर्माण होते, सुगंधी तेले उडतात आणि काही मायक्रॉनांच्या खाली जाताना खर्च होणारी बहुतेक शक्ती वाया जाते. दुसरी वाट, द्रव्य प्रथम विरघळवून मग त्यास द्रावणातून एकाएकी बाहेर काढणे. सघन वायूचे तंत्र या दुसऱ्या वाटेचे आहे.

सघन वायू म्हणजे काय

प्रत्येक वायूचे एक क्रांतिक तापमान असते. त्याहून अधिक तापमानास कितीही दाब दिला तरी त्याचा द्रव होत नाही. परंतु दाब वाढविल्यास तो द्रवासारखा दाट मात्र होतो. कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू सुमारे 31 अंश सेल्सिअस आणि 74 बार येथे आहे. थॉमस अँड्र्यूज यांनी याच वायूवर प्रयोग करून 1869 साली क्रांतिक बिंदूची कल्पना स्पष्ट केली. पुढे दहा वर्षांनी, 1879 मध्ये, हॅने आणि होगार्थ यांनी दाखविले की अशा दाट वायूत घन पदार्थ विरघळतात आणि दाब काढताच हिमासारखे खाली पडतात. औषधनिर्मितीने या निरीक्षणाचा उपयोग करून घ्यावयास शंभर वर्षे लागली. दरम्यान कॉफीतील कॅफिन काढण्यासाठी आणि हॉप्सच्या अर्कासाठी हे तंत्र युरोपात मोठ्या प्रमाणावर रूढ झाले. आपल्याकडे मुंबईच्या आय.आय.टी.मधील प्रा. ममता मुखोपाध्याय यांनी नैसर्गिक अर्कांच्या संदर्भात या विषयावर काम केले असून त्यांचा इंग्रजी ग्रंथ 2000 साली प्रसिद्ध झाला आहे.

हा वायू दाटपणाने द्रवाजवळ आणि प्रवाहीपणाने वायूजवळ असतो. तो ज्वलनशील नाही, स्वस्त आहे, आणि 35 ते 45 अंशांत काम होत असल्याने द्रव्य तापत नाही. दाब सोडला की तो मागे काही न ठेवता निघून जातो.

आता अवक्षेपण. आपल्यापैकी अनेकांनी राळ मद्यार्कात विरघळवून ते द्रावण पाण्यात ओतलेले असेल. तत्काळ दुधासारखा पांढरा गढूळपणा येतो. राळ मद्यार्कात विरघळते, पाण्यात विरघळत नाही. पाणी मद्यार्कास आपल्यात ओढून घेते आणि राळ निराधार होऊन बारीक कणांच्या रूपाने बाहेर पडते. येथे पाणी हे प्रतिद्रावक झाले. पाण्याच्या जागी सघन कार्बन डायऑक्साइड घेतला की आपले तंत्र सिद्ध झाले. कर्क्युमिन ॲसिटोनमध्ये किंवा मद्यार्कात विरघळते, कार्बन डायऑक्साइडमध्ये जवळजवळ नाही. द्रावण सघन वायूत फवारले की वायू द्रावकास ओढून घेतो आणि कर्क्युमिन सूक्ष्म कणांच्या रूपाने पडते. मग ताजा वायू सोडून उरलेला द्रावक धुऊन काढावयाचा, दाब उतरवावयाचा आणि कोरडे चूर्ण काढून घ्यावयाचे. पाण्याच्या पद्धतीत जो ओला साका वाळवावा लागतो आणि वाळताना ज्याचे खडे होतात, ती पायरीच येथे नाही. हा या तंत्राचा खरा गुण होय.

याचे प्रकार अनेक आहेत. पात्रातील द्रावणात हळूहळू वायू सोडून ते फुगविणे हा एक. 1989 मध्ये गॅलॅघर आणि सहकाऱ्यांनी एका स्फोटक द्रव्यावर तो वर्णिला. सूक्ष्म नॉझलमधून द्रावण सघन वायूत फवारणे हा दुसरा, आणि आज अधिक प्रचलित. द्रव्य वायूतच विरघळत असेल तर त्याचे द्रावण एकाएकी कमी दाबात सोडण्याचा तिसरा; परंतु वायूत विरघळणारी औषधी द्रव्ये थोडी असल्याने त्याचे क्षेत्र मर्यादित आहे.

प्रयोगशाळेतून औषधशाळेकडे

प्रयोगशाळेत अर्ध्या-एक लिटरच्या पात्रात ग्रॅमभर चूर्ण काढणे आज कठीण राहिलेले नाही. प्रश्न किलोचा आहे. एक साधा हिशेब करून पाहू. ॲसिटोनच्या एका मिलिलिटरमध्ये 20 मिलिग्रॅम कर्क्युमिन आहे असे धरू. एक किलो चूर्णासाठी 50 लिटर द्रावण लागेल. प्रयोगशाळेतील नॉझलमधून मिनिटास 2 मिलिलिटर द्रावण जात असेल, तर 50 लिटर संपण्यास 25 हजार मिनिटे, म्हणजे अहोरात्र यंत्र चालवून सतरा दिवसांहून अधिक लागतील. द्रावणाच्या वजनाच्या वीसपट वायू धरला तर सुमारे 790 किलो कार्बन डायऑक्साइड लागेल. 30 किलोचे सिलिंडर धरल्यास सव्वीस सिलिंडर पुरणार नाहीत, आणि धुण्याचा वायू यात धरलेलाच नाही. यावरून दोन गोष्टी उघड होतात : वेग वाढविलाच पाहिजे, आणि वायू हवेत सोडून न देता द्रावक वेगळा करून पुन्हा वापरलाच पाहिजे. पुनर्वापराची सोय नसलेले यंत्र औषधशाळेच्या कामाचे नव्हे.

वेग वाढवावा कसा? नॉझलचे छिद्र मोठे करावे तर फवारा जाड होतो. कणाचा आकार दोन वेगांच्या शर्यतीवर ठरतो : द्रावण आणि वायू किती त्वरेने मिसळतात, आणि स्फटिकाची बीजे किती त्वरेने धरतात. मिसळणे त्वरेने झाले तर सर्वत्र एकदम असंख्य बीजे धरतात व कण बारीक राहतात. मिसळणे मंदावले तर थोडी बीजे धरतात आणि उरलेले द्रव्य त्यांच्यावरच चढत जाऊन कण मोठे व विषम होतात. लहान पात्रात मिसळणे आपोआप जलद होते. मोठ्या पात्रात तेच मुद्दाम घडवावे लागते. फुगविण्याच्या प्रकारातही हेच आहे. तेथे वायू जितक्या त्वरेने सोडावा तितके कण बारीक. एक लिटरच्या पात्रात मिनिटास 20 ग्रॅम वायू सोडून जे साधते, ते हजार लिटरच्या पात्रात साधण्यास मिनिटास 20 किलो वायू देणारा पंप लागेल.

दुसरी अडचण उष्णतेची. पात्राची लांबी, रुंदी व उंची दहापट केली की आकारमान हजारपट होते, परंतु भिंतींचे क्षेत्रफळ शंभरपटच. म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्यास येणारी भिंत दशांश होते आणि बाहेरच्या गरम पाण्याच्या आवरणाने आतील तापमान राखणे अवघड होते. हे येथे विशेष घातक आहे, कारण क्रांतिक बिंदूजवळ वायूचा दाटपणा अत्यंत चंचल असतो. 40 अंशांस 80 बार दाबाखाली एका लिटरमध्ये सुमारे 278 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मावतो. 90 बारला 486 ग्रॅम. 100 बारला 629 ग्रॅम. पुढे 120 बारला गेले तरी केवळ 718. मोठ्या पात्रात एका कोपऱ्यात तापमान दोन-तीन अंशांनी वेगळे राहिले तर तेथे वेगळाच द्रावक काम करीत आहे असे समजावे. म्हणून मोठ्या यंत्रात बिंदूच्या फार जवळ काम करू नये, थोडा अधिक दाब सोसावा, असे आमचे मत आहे. पंपाचा खर्च वाढतो, पण घाणे सारखे येतात.

नॉझल तुंबणे ही रोजची कटकट. छिद्र मिलिमीटरच्या दशांशाच्या घरात असते आणि तेथेच स्फटिक धरू लागतात. यावर एक उपाय म्हणजे मोठे नॉझल न करता, प्रयोगशाळेत सिद्ध झालेलेच नॉझल अनेक बसविणे. कज्जलीचे पाच घाणे करण्यासारखेच हे आहे. मात्र त्यांतील एक तुंबले की उरलेल्यांचा प्रवाह बदलतो, हे ध्यानात ठेवावे. दुसरा उपाय सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात नील फॉस्टर यांच्या गटाने विकसित केला. त्यात बारीक नॉझलच नाही. वेगळ्या कक्षातील द्रावणावर नायट्रोजनचा अधिक दाब ठेवून झडप एकदम उघडतात. सर्व द्रावण रुंद नळीतून एका झटक्यात सघन वायूच्या पात्रात शिरते आणि दाबातील फरकामुळेच त्याचे तुषार होतात. नळी रुंद असल्याने तुंबण्याचा प्रश्न बहुतांशी मिटतो. एका घाण्यास लागणारा फवारण्याचा वेळ नाममात्र होतो. पुढील धुणे मात्र चुकत नाही.

हे धुणे घाईने उरकण्याचा मोह सर्वांत महागात पडतो. पात्रात द्रावक शिल्लक असताना दाब उतरविला तर तो वायूपासून वेगळा होऊन चूर्णावर द्रवरूपाने पडतो, सूक्ष्म कण पुन्हा विरघळतात आणि दिवसभराच्या श्रमाचा चिकट गोळा हाती येतो. मोठ्या पात्रात चूर्णाचा थर जाड असल्याने वायू सोप्या वाटा शोधून निघून जातो आणि थराचा गाभा न धुतलेला राहतो. चूर्ण अडविणारी गाळणी दाबाने गच्च होते, ते वेगळेच. दाब उतरविण्याचीही घाई नको. प्रसरणाने वायू इतका थंड होतो की नळ्यांत कोरडा बर्फ धरून मार्ग बंद होतात.

पात्र, परवाना आणि माणसे

शंभर बारचे पात्र हे कढई नव्हे. दाब तोच ठेवून व्यास दहापट केला की भिंतीची जाडीही दहापट लागते : 10 सेंटिमीटर व्यासास 5 मिलिमीटर पुरत असेल तर एक मीटर व्यासास 50 मिलिमीटर. लोखंडाचे वजन आणि आत कोंडलेली शक्ती दोन्ही हजारपट होतात. पात्राचे झाकण प्रत्येक घाण्यास उघडावे लागत असेल तर त्याच्या बंदोबस्तात कसूर चालणार नाही. वायूच्या साठवणीची पात्रे व सिलिंडर यांच्या नियमांचा अंमल ज्या केंद्रीय संस्थेकडे आहे, तिचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. परवान्याची चौकशी यंत्राची ऑर्डर देण्यापूर्वी करावी. कार्बन डायऑक्साइड हवेहून दीडपट जड आहे. तो गळाला तर तळघरात व खोलगट जागी साचतो. आठ तासांच्या कामासाठी हवेतील त्याची मान्य मर्यादा अर्धा टक्का आहे, आणि दहा टक्क्यांच्या आसपास माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होतो. यंत्र तळघरात बसविण्याचा विचार कोणी करीत असल्यास तो सोडून द्यावा.

औषधशाळेच्या परवान्याचा प्रश्न वेगळा. 1940 च्या कायद्याने आयुर्वेदीय औषध म्हणजे पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांतील पाठाप्रमाणे सिद्ध केलेले औषध. 2010 साली आलेल्या 158-बी या नियमात अर्कांचा विचार आहे. पाणी किंवा जलमिश्रित मद्यार्क यांखेरीज अन्य द्रावकाने काढलेल्या अर्कासाठी सुरक्षिततेचे अभ्यास मागितले जातात. ॲसिटोन वापरलेले चूर्ण 'हरिद्रा चूर्ण' या नावाने विकता येईल असे कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नये.

वैद्याच्या दृष्टीने

या तंत्रात एक गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. कार्बन डायऑक्साइड हा तेलांचा उत्तम द्रावक आहे. हळदीचा संपूर्ण अर्क या यंत्रात घातला तर कर्क्युमिन खाली पडेल, परंतु हळदीचे सुगंधी तेल वायूबरोबर निघून जाईल. हाती राहील ते हळदीचे चूर्ण नव्हे, हळदीतील एक अंश होय. त्याचा उपयोग नाही असे आम्ही म्हणत नाही. तथापि हरिद्रेचे ग्रंथोक्त गुण आणि मात्रा त्यास जशीच्या तशी लावता येणार नाही. त्रिफळा, सितोपलादी यांसारख्या योगांस तर हे तंत्र लागूच नाही. तंतुमय द्रव्य विरघळत नाही आणि जे विरघळत नाही ते अवक्षेपणात येत नाही. गुग्गुळ, सल्लकी, भूनिंब यांतील जलात अविलेय सत्त्वांपुरता त्याचा विचार करावा.

मात्रेविषयी सावधगिरी हवीच. कर्क्युमिनबरोबर मरिचातील पाइपरिन अल्प प्रमाणात दिल्यास मनुष्यात त्याची रक्तातील उपलब्धता 2000 टक्क्यांनी वाढल्याचे बंगळूरच्या संशोधकांनी 1998 साली दाखविले. शोषण वाढले म्हणजे मात्रा तीच राहत नाही. अमेरिकेतील औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या गटाने 2022 साली हळदीच्या पूरक आहारगोळ्यांशी संबंध असलेले 10 रुग्ण प्रसिद्ध केले. त्यांपैकी काहींच्या गोळ्यांत मरिचही होते. स्वयंपाकातील हळद निर्धोक आहे म्हणून शोषण वाढविलेले सत्त्वही निर्धोक, असा तर्क करू नये. असे सत्त्व देताना रुग्णास कावीळ, गडद मूत्र, अरुची यांची कल्पना द्यावी आणि यकृताचा पूर्वेतिहास विचारावा.

चमच्याने मात्रा देण्याची सवय असल्यास तीही सोडावी लागेल. हे चूर्ण कापसासारखे हलके असते. एका घाण्याचा चमचाभर आणि दुसऱ्या घाण्याचा चमचाभर यांच्या वजनांत बराच फरक पडू शकतो. वजन करूनच द्यावे. आणि वारितरत्वाने फसू नये. सूक्ष्म कर्क्युमिन पाण्यावर तरंगते, पण ते पाण्याने भिजत नाही म्हणूनही तरंगते. न भिजलेल्या कणांचे गठ्ठे पोटात तसेच राहिले तर नव्वदपट पृष्ठफळाचा लाभ कागदावरच राहील. दूध किंवा घृत यांचे अनुपान येथे केवळ परंपरेपुरते नाही.

पुरवठादाराकडून प्रत्येक घाण्याचे कणमापन मागावे, आणि त्यात केवळ सरासरी नव्हे, तर नव्वद टक्के कण कोणत्या आकाराखाली आहेत तो आकडा पाहावा. सरासरी चांगली दाखविणे सोपे असते. उर्वरित द्रावकाचा अहवाल पाहावा : ॲसिटोनची सर्वसाधारण मर्यादा दहा लाखांत 5000 भाग, मिथेनॉलची 3000, डायक्लोरोमिथेनची 600 आहे. हे आकडे पात्राच्या वरच्या थरातील नमुन्याचे आहेत की थराच्या गाभ्यातील, हेही विचारावे. आमच्या अनुभवात या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक प्रतिनिधी कार्यालयात फोन लावतात.